तीन ठोके, मग दोन

९ जून १८७४, शेवटचं ठाणं

पोहोचलो एकदाचा! गाडीवाल्याने फाटकाशी उतरवलं तेव्हा अंगातलं हाडन् हाड वेगळं वाजत होतं, पण मन खूश होतं. इकडे जूनमध्ये हिवाळा, थंडी झकास आहे, आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख. मोहिमेचे उंट कुंपणाशी बसून रवंथ करत होते. सासरच्या बायकांनी नव्या सुनेला पाहावं तसं त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

पहिल्या पानावर नाव घालायचं, अशी ही वही देताना टॅम्सिनची ताकीद होती, म्हणून घालतो. मी जेबेझ ट्रेंबाथ. मूळ कॉर्नवॉलचा, वाढलो समुद्रापलीकडे, इकडच्या मूंटाच्या तांब्याच्या खाणीत, काम विहिरी पाडायचं. टॅम्सिन माझी धाकटी बहीण. तिचा नवरा डिगरी रो गेल्या वर्षी याच मोहिमेबरोबर विहिरी पाडायला आत वाळवंटात गेला आणि परत आला नाही. मोहीम परत आली, डिगरी नाही. पूर्वेकडे सोनं सापडल्याचं ऐकून तो वाटेतूनच पळाला, असं मोहिमेचे प्रमुख मिस्टर क्रॅडॉक यांनी टॅम्सिनला कळवलं. टॅम्सिनचा विश्वास नाही. माझा थोडा आहे. मी आणि डिगरी बारा वर्षं एकाच दोरावर काम केलं आहे, आणि तो कधी काय करील याचा नेम कधीच नव्हता. पण घरात रोज रडारड नको, म्हणून त्याचीच रिकामी जागा पत्करली. शोधून काढतो आणि कानाला धरून घरी नेतो. धाकटा भाऊ किट्टोही यायला निघाला होता. त्याला दटावून घरी बसवलं. नाताळपर्यंत आला नाहीस तर मी येतोच, असं मला बजावून बसला एकदाचा.

क्रॅडॉकसाहेब उंचापुरे, दाढी कातरलेली, बोलणं गोड. त्यांनी माझ्या हाती हत्यारांची पेटी दिली. वरच डिगरीचा हातोडा. दांड्यावर त्याने तापल्या सळईने उमटवलेली अक्षरं. म्हणजे पठ्ठ्या पळताना हातोडाही टाकून गेला. सोन्याची घाई मोठी!

रात्री आचारी टीगने मटणाचा रस्सा केला. बरा होता.

१४ जून

निघालो. उंट या प्राण्याबद्दल मी यापुढे काही लिहिणार नाही, कारण वही टॅम्सिन वाचणार आहे. माझ्या उंटिणीने सकाळी माझ्या टोपीचा काठ खाल्ला. उंटवाला सरबुलंद खान, पेशावरकडचा, म्हणाला की मिस्त्री, तिला तुम्ही आवडलात, नाहीतर तिने कान खाल्ला असता. टीग इतका हसला की चहाचं भांडं लवंडलं.

क्रॅडॉकसाहेब सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत उंच उंटावर. तिथून ते मला विहिरी कशा पाडाव्यात ते सांगतात. उंटावरचा शहाणा हे मी ऐकून होतो, आता पगारी नोकरीत पाहतो आहे. गेल्या वर्षीची वाट सोडून या खेपेला त्यांनी बरीच उत्तरेची वाट धरली आहे. का, ते सांगत नाहीत. जुन्या वाटेवर तयार विहिरी आहेत ना, असं मी विचारलं. वाळू बुजवून टाकते, म्हणाले, आणि विषय बदलला.

२३ जून

पहिली विहीर. सुरेख लागली. वर वाळू, मग चिकणमाती, मग मऊ दगड, आणि पाणी थोडं खारट पण चालणारं. चारी बाजूंनी फळ्या ठोकून चौकट पक्की केली. वर रहाट बसवला. हातोड्याच्या आवाजाने छाती भरून आली. उंट पोटभर प्याले. मी झाकणासाठी फांद्या तोडायला लागलो, कारण या मुलखात विहीर झाकून ठेवायची ती मागून येणाऱ्यासाठी. एवढी माणुसकी दरोडेखोरही पाळतात.

क्रॅडॉकसाहेब म्हणाले, बुजवा.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फळ्या उपसून घ्या आणि विहीर काठोकाठ भरा, म्हणाले. माझं डोकं फिरलं. तीन दिवस घाम गाळून पाडलेली विहीर, गोड नसलं तरी पाणी, आणि ती मातीने भरायची? दुसऱ्या कुठल्या मोहिमेला पाणी मिळू नये म्हणून हा मत्सर, दुसरं काय! टीग हळूच म्हणाला, अहो राव, खणायचेही पैसे मिळतात आणि भरायचेही, तुमचं काय जातं. माझं काम जातं. पण पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळपर्यंत भरत बसलो.

३० जून

कोरड्या नदीच्या पात्रात इथल्या माणसांचं एक कुटुंब भेटलं. त्यांचा झिरा वाळूत जेमतेम हातभर खोल. आधी एका बाईने तिथली चिमूटभर वाळू उचलून परत टाकली, पाण्याशी दोन शब्द बोलली, मग ओंजळीने सगळ्यांना दिलं. आम्हालाही दिलं. पण ओंजळीने उंटांची तहान भागते का? मी पहार आणि फळ्या घेऊन उतरलो.

पहिली खुंटी ठोकली आणि बायकांनी पोरांना जवळ ओढून त्यांचे हात घट्ट धरले. एका म्हाताऱ्याने येऊन माझं मनगट पकडलं. रागाने नाही, लहान मुलाचा हात चुलीपासून मागे घ्यावा तसं. मग स्वतःचा हात कोपरापर्यंत वाळूत घालून दाखवला, की एवढंच. त्याखाली बोट दाखवून मान हलवली. मी त्याला खाणाखुणांनी सांगायचा प्रयत्न केला, की बाबा, माझा जन्म गेला यात. त्याने ऐकून घेतलं. नंतर सगळे सामान उचलून निघून गेले, आपलं पाणी आमच्यावर टाकून.

माझी फार चिडचिड झाली. प्रत्येक जण मला विहिरीचं शिकवतो.

६ जुलै

दुसरी विहीर. बऱ्याच खाली गेलो तरी ओल नाही. दुपारी तळाशी एकटा होतो. फळी ठोकून हात थांबवला, तेव्हा खालून ठोके आले. तीन. मग दोन.

हे लिहून ठेवतो, कारण खाणीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे तीन आणि दोन याचा अर्थ एकच: मी इथे आहे, जिवंत आहे. दरड कोसळून अडकलेला माणूस तसं ठोकतो. ते ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकायचं, उलट ठोकून सांगायचं की ऐकलं, आणि खणायला लागायचं. मग तो सख्खा असो की वैरी. मूंटात ठोके ऐकून निघून गेलेल्या माणसाच्या पंगतीला कोणी बसत नाही. पोरं चालायला लागण्याआधी हे शिकतात.

आणि प्रत्येकाचा हात वेगळा. डिगरीचा पहिला ठोका दणदणीत आणि शेवटचा मेलेला. माझा अंगठा लहानपणी चेपला आहे, म्हणून माझा शेवटचा ठोका जरा उशिरा पडतो. डिगरी मला लंगडा जेबेझ म्हणायचा, माझी नक्कल करून दाखवायचा, आणि पाळीवरचे सगळे हसायचे.

आज खालून आलेला पहिला ठोका दणदणीत होता. शेवटचा मेलेला.

हात आपोआप उचलला गेला. मी उत्तर दिलं. मग वर ओरडलो. क्रॅडॉकसाहेबांनी रहाटावरून डोकावून पाहिलं, आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, बाहेर या. बुजवा.

दगड तडकतो, त्याचा आवाज, असं त्यांचं म्हणणं. दगड मोजून तडकत नाही, मी म्हणालो. त्यांनी पाठ फिरवली. माझा संताप संताप होतो आहे. डिगरी पूर्वेला सोनं उकरतो आहे, तो इथे खाली कसा असेल? हे मलाही कळतं. पण कोणी धड बोलायला तरी हवं की नाही? टीग म्हणतो, ऊन लागलं. सरबुलंद माझ्याकडे बघतच नाही.

११ जुलै

तिसरी विहीर, पुष्कळ दूर, वेगळा दगड. ही सुद्धा कोरडी. आणि पुन्हा ठोके.

तीन, पहिला दणदणीत. मग दोन, पण शेवटचा उशिरा. लंगडत.

मी विहिरीच्या तळाशी बसून मोठ्याने हसलो. ही डिगरीची थट्टा! माझ्या उत्तराची नक्कल करतो आहे गाढव. दुसरं कोण करील? मग हसू थांबलं, कारण ती दुसरी विहीर मी दोन दिवसांची चाल मागे टाकून आलो आहे.

वर आलो तर क्रॅडॉकसाहेब फावडं घेऊन स्वतः माती लोटायला लागले होते. मी पुरता बाहेर निघण्याचीही वाट त्यांनी पाहिली नाही. त्यांनीही ऐकलं आहे. त्यांनी आधीपासून ऐकलं आहे! म्हणून विहिरी बुजवतात. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, तुम्ही नोकर आहात, ट्रेंबाथ, आणि नोकराने प्रश्न विचारायचे नसतात.

१६ जुलै

पुढे पाणी नाही. तीन दिशांना जाऊन पाहिलं. दोन उंट गेले. पिंपांत थोडंच उरलं आहे, त्यालाही शेवाळाचा वास.

सरबुलंद म्हणाला, गेल्या वर्षीची पाचवी विहीर दक्षिणेला आहे, तिला ओल लागली होती, खाली पाणी असणारच, तिथेच जायला हवं. क्रॅडॉकसाहेब नाही म्हणाले. सरबुलंदने उंटाची दोरी त्यांच्या पायाशी टाकली आणि म्हणाला, साहेब, मग उंट तुम्हीच हाका. त्यावर त्यांनी दक्षिणेला निघायला सांगितलं.

मी सरबुलंदला गाठलं. पाचव्या विहिरीत काय आहे? तो कितीतरी वेळ खोगिराची गाठ सोडत आणि बांधत बसला. शेवटी बोलला. मिस्त्री, तुमचा माणूस पळाला नाही. विहीर कोसळली, तो खाली राहिला. दोन दिवस ठोके येत होते. पाणी संपत आलं होतं. साहेब म्हणाले, उंट लादा. साहेबांच्या हातात बंदूक होती, पण ती माझ्यावर रोखायची वेळच आली नाही. मी लादले. या हातांनी लादले. आम्ही निघालो तेव्हाही तो ठोकत होता.

मी त्याला मारायला हात उचलला. तो हललाही नाही. मग मलाच रडू आलं.

आठ महिने मी त्या बिचाऱ्याला शिव्या घालतो आहे. पळपुटा म्हणालो त्याला, टॅम्सिनच्या तोंडावर.

१९ जुलै

दक्षिणेला चाललो आहोत. ओठ फुटले आहेत, लिहायला बोटं वळत नाहीत.

माणूस आठ महिने जमिनीखाली जगत नाही. मला कळतं. पण खाली पाणी आहे, गुहा असतील, गुहेतून गुहा. आवाज दगडातून लांब जातो. मूंटात आम्ही दुसऱ्या खाणीतली कुदळ ऐकायचो. ठोके आहेत म्हणजे कोणीतरी ठोकतं आहे. मी ऐकले, उत्तर दिलं, आणि विहीर बुजवून निघून आलो. दोनदा. क्रॅडॉकमध्ये आणि माझ्यात मग फरक काय?

या खेपेला खणणार. जिवंत असो की नसो, टॅम्सिनला खरं काय ते कळायला हवं.

२२ जुलै, पाचवी विहीर

आलो. वाळूत एक खळगा, मोडक्या रहाटाचा एक खांब. मी कान टेकला.

तीन. दोन.

क्रॅडॉकसाहेब उंटावरून उतरलेच नाहीत. एक उंट आणि आमच्या वाट्याचं पाणी ठेवून, टीगला आणि बाकीचे चालू शकणारे उंट घेऊन पूर्वेला निघाले. तिकडे खाऱ्या तळ्याशी पाणी असेल, म्हणे. आडात नाही ते पोहऱ्यात आणायला निघाले. टीग मागे वळून वळून पाहत होता. सरबुलंद राहिला. मी म्हणालो, खान, तूही जा. तो म्हणाला, मिस्त्री, एकदा गेलो होतो. आता जोवर खालून ठोका येतो आहे तोवर हा रहाट सोडणार नाही, अल्लाची शपथ.

२४ जुलै

खणतो आहे. वाळू पाण्यासारखी वाहते. फळ्या कमी आहेत. उंटांची खोगिरं मोडून लाकूड काढलं. एक चौकट बसवावी तर दुसरी वाकते. साधं सरळ काम एकदा तरी सरळ होईल तर शपथ!

ठोके सारखे. मी उत्तर देतो. आलो रे, आलो.

एक गोष्ट विचित्र. माझं उत्तर पुरं व्हायच्या आधीच ते ठोकतात आता. माझ्याबरोबर. माझ्यासारखेच.

२५ जुलै

डिगरी सापडला.

मेला आहे. कधीचाच. कोरड्या वाळूत कातडं हाडांवर आवळून बसलं आहे. दाढी तशीच. टॅम्सिनने विणलेला मफलर.

त्याचे दोन्ही हात पट्ट्याने बांधलेले आहेत. मनगटं एकमेकांना, घट्ट. मला आधी वाटलं क्रॅडॉकने बांधले. रक्त उसळलं. मग दिवा जवळ नेला. पट्ट्याच्या टोकावर दातांच्या खुणा आहेत. त्याने स्वतः बांधले. दातांनी ओढून. हात हलू नयेत म्हणून.

अडकलेला माणूस स्वतःचे हात का बांधील? त्याला तेवढा एकच आधार, ठोकायचा—

मी हे त्याच्या शेजारी बसून लिहितो आहे. तो इथे आहे, माझ्या गुडघ्याशी. त्याचे हात बांधलेले आहेत.

ठोके अजून येत आहेत. त्याच्या खालून.

नंतर

वर जायला दोर धरला. चौकट गेली. वाळू— सगळी. पाय कमरेपर्यंत गच्च. डोक्यावर दोन फळ्या तिरप्या अडकल्या, म्हणून श्वास आहे. मेणबत्तीचा तुकडा आहे. हातोडा आहे.

ओरडलो. माझा आवाज माझ्याच तोंडावर परत येतो. इथून वर आवाज जात नाही. ठोके जातात.

हातोडा उचलला— तीन— आणि थांबलो.

नंतर

आता कळलं, डिगरीला काय कळलं होतं ते.

खाली जे आहे ते डिगरी नाही. कधीच नव्हतं. ते ऐकतं. शिकतं. डिगरीने ठोकलं, मदत यावी म्हणून, आणि ते त्याचा हात शिकलं. मग त्या हाताने मला बोलावलं. विहिरीमागून विहीर. आणि मी खुळा उत्तर देत गेलो. रोज. मन लावून शिकवलं त्याला.

म्हातारा मनगट धरत होता माझं. आता काय उपयोग.

डिगरीने हात बांधले, पण उशीर झाला होता. तोवर त्याने दोन दिवस—

नंतर

ठोकलं तर सरबुलंद खणायला उतरेल. एकटा. ही वाळू त्यालाही घेईल. नाही ठोकलं तर त्याला वाटेल मी मेलो. तो जाईल. जगेल. टॅम्सिनला सांगेल.

जीव वाचवावासा वाटतो. फार वाटतो. लिहायला लाज कसली.

हातोडा मांडीवर ठेवला आहे. उचलणार नाही.

टॅम्सिन, तो पळाला नव्हता. तुझा मफलर गळ्यात आहे त्याच्या. मी चुकलो, तू बरोबर होतीस. किट्टोला येऊ देऊ नकोस. त्याला सांग, इकडे कुठेही, कुठल्याही विहिरीत, माझे ठोके ऐकू आले तरी

मेणबत्ती संपत आली. हातोडा मांडीवर आहे. माझे दोन्ही हात वहीवर आहेत.

ठोके सुरू झाले.

तीन. मग दोन. शेवटचा उशिरा. लंगडत. अगदी माझ्या—

वर फावडं वाजतं आहे. माती पडते आहे. त्याने ऐकलं. खान, नको. खान, ते मी नाही. मी ठोकत ना